कोपऱ्यातलं कासव

निळा जरा कमी निळा करा. तराजू भाजीवाल्याचा वाटतो. लिफाफा फारच पांढरा आहे. आमच्या हिला तिरकी अक्षरं चालत नाहीत.

वकीलसाहेबांचं चालूच होतं, पण डिझायनर निवांत होता. लेटरहेडच्या कोपऱ्यात त्याने नेहमीसारखी तीट लावून ठेवली होती: एक बेंगरूळ कासव. गिऱ्हाईक तेवढं काढायला लावतं, धन्य होतं, आणि तीन आठवड्यांची बाकी मेहनत वाचते.

साहेबांचं बोट कासवावर थांबलं. "हे काय?"

"लगेच काढतो, साहेब!"

"खबरदार! बाकीचं काढा. कोर्टाची चाल नेमकी पकडलीत राव! हाच आपला लोगो."

ते चित्र डिझायनरच्या पाच वर्षांच्या भाचीने काढलं होतं, आणि ते कासव नव्हतं. कॉम्प्युटरपुढे बसलेला मामा होता.