छाप सरकलेलं नाणं

रिक्षावाल्याकडे सुटे नव्हते, म्हणून मृणालने घाईघाईत सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, टेबलावरचं दोन रुपयांचं नाणं उचलून त्याला दिलं. ते त्यांच्या संग्रहातलं होतं आणि टांकसाळीतच त्याचा छाप एका बाजूला सरकल्यामुळे ते दुर्मीळ होतं, हे तिला संध्याकाळी कळलं.

अप्पा रागावले नाहीत, त्यांनी नुसता अल्बम मिटून ठेवला. त्याचंच तिला जास्त लागलं. गुहागर सोडून मुलाकडे नागपूरला आल्यापासून या नाण्यांशिवाय त्यांना कुणाची सोबत नव्हती. सोसायटीतही ते कुणाशी बोलत नसत.

ती त्यांना घेऊन तडक रिक्षास्टँडवर गेली.

“त्याचा तर मी चहा प्यालो, ताई,” तोच रिक्षावाला, सलीम, ओशाळून म्हणाला.

शेजारच्या चहावाल्याने लगेच आपला गल्ला बाकावर ओतला. सगळे रिक्षावाले वाकून शोधू लागले, पण ते नाणं कुठेतरी पुढे गेलं होतं.

“काका, एवढं काय होतं त्याच्यात?” एकाने विचारलं.

अप्पा अडखळत सांगू लागले. मग त्यांनी गल्ल्यातलंच एक नाणं उचललं आणि सालाच्या आकड्याखालची हिऱ्याची बारीक खूण दाखवली. “ही असली की नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. चांदणी असली की हैदराबादचं.”

“माझं बघा, काका!” म्हणत सगळ्यांनी खिसे उलटे केले. मृणाल स्वयंपाकासाठी एकटीच घरी परतली.

अप्पा बऱ्याच वेळाने आले.

“सापडलं?” तिने विचारलं.

“नाही गं,” चपला काढत ते म्हणाले, “पण माझे सगळे अल्बम उद्या बघायचेत म्हणे त्यांना.”