पालथं पान

रेशीम खात्याच्या साहेबांनी ऐनाच्या झाडाचं पान तोडून पालथं केलं. खालून ते पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं होतं.

“बुरशी आहे. असं पान खाऊन रेशमाची अळी जगत नाही. वेळीच दिसलं असतं, तर अळ्या दुसऱ्या झाडांवर हलवता आल्या असत्या.”

बा माझ्याकडे बघेना. अळ्या काळ्या पडून फांद्यांना लोंबत होत्या, गेल्या वर्षीसारख्याच.

आमच्यात कोसा, म्हणजे रेशमाच्या अळ्या, रानात असला की बाईमाणसानं तिकडे फिरकायचं नसतं. गेल्या वर्षी माझी बायको आली होती. आठवड्यानं अळ्या मेल्या आणि बा म्हणाला, “तुह्या बायकोचाच इटाळ लागला.” मीच तिला माहेरी नेऊन सोडलं. परत आणलं नाही. होळीनंतर तिच्या भावांनी दुसऱ्याशी तिचा पाट लावून दिला.

यंदा रानात एकही बाई आली नव्हती.

“पानं पाहणारं कोणीच नव्हतं का रे?” साहेबांनी विचारलं.

होतं. गेल्या वर्षी त्या दिवशी ती रानाच्या कडेलाच थांबली होती. पुढे केलेल्या हातात ऐनाचं पान होतं, पालथं धरलेलं. ती बोलायच्या आधीच मी दगड उचलला होता.