मांडीवरचा हात

मोहाच्या झाडाखाली भरलेल्या ग्रामसभेत गुणवंत सरपंचानं ठराव मांडला: यंदा जो मत देणार नाही, त्याच्या घरचा नळ बंद. "शंभर टक्के मतदान दाखवलं, तं नाल्यावरचा पूल मागाले तोंड राह्यते आपल्याले." भर उन्हात हातांचं रान उभं राहिलं. रंभाचाही हात वर होता. मागच्या पावसाळ्यात तिचा नवरा त्याच नाल्यात वाहून गेला, आणि पूल होईस्तोवर मत देणार नाही, हे तिनं गावभर सांगितलं होतं. पण नळ गेला तर दोन लेकरं घेऊन ती पाण्याला जाणार कुठं? म्हाताऱ्या भागरताबाईचा हात तेवढा निजल्या पाखरासारखा मांडीवर होता. एकाचाही हात खाली राहिला की ठराव पडतो, ही गावाची रीत. "बुढीचा हात आखडला वाटते," कुणीतरी म्हणालं आणि सभा हसली. सरपंच मात्र हसला नाही. "बाई, तुमी तं दरवेळी मताच्या लाइनीत पयल्या असता. तुमीच आडव्या काऊन येता?" "म्हणूनच, भाऊ," भागरताबाई म्हणाली. "आजवर माह्या मनानं गेली. उद्या नळाच्या भेवानं गेली, तं ते मत माहं का नळाचं?" सरपंच चिडला. "एका हातानं अख्खं गाव अडवून राह्यल्या तुमी." रंभानं भागरताबाईकडं पाहिलं. मग भरल्या सभेत, सगळ्यांना दिसेल असा, तिनं आपला हात सावकाश खाली घेतला. "एका नाई, भाऊ," ती म्हणाली. "दोन मोजा."