दोघी आल्या, एक गेली
पक्षी बघायच्या कापडी लपणापाशी दोघांनी यायचं आणि एकानेच परत जायचं, ही आमची युक्ती. पक्ष्याला मोजता येत नाही. त्याला वाटतं, माणूस गेला. सकाळी सासूबाई मला सोडून गेल्या आणि रानबगळी अंड्यांवर बसली. अख्ख्या जंगलात या जातीचं एवढंच घरटं उरलंय. अंधार पडण्याआधी मी बाहेर दिसले, तर ती ते कायमचं सोडेल. दुपारी आमच्या तंबूकडून तान्ह्या लेकीचं रडणं ऐकू आलं, माझा शर्ट दुधाने भिजला. शेवटी सासूबाईच तिला घेऊन आल्या. बगळी ताठ झाली. “कार्टी बाटली थुंकतेय. हट्ट तुझाच उचललाय,” पुटपुटत त्या तिला मागून आत सरकवून गेल्या. दोघी आल्या, एक गेली. बगळी सैलावली. पोट भरताच लेक सवयीप्रमाणे मोठ्याने हुंकारली. बगळीने थेट लपणाकडे पाहिलं. उडाली नाही, अंडी पोटाखाली ओढून घट्ट बसली.