नितळ

पंप घरघरला तशी दीक्षा हातातली परीक्षानळी टाकून शेडमागं धावली.

"टाकीचं पाणी कोनी सोडलं?"

"मीच सोडलं." कारखान्याचा मॅनेजर धर्मेंद्र नाल्याचा व्हिडिओ काढून राहिला होता. "पाहा ना मॅडम, विकतच्या बाटलीतलं वाटून राहिलं!"

खोटं नव्हतं. अकोला रोडवरच्या या रंगाईच्या कारखान्यानं वर्षानुवर्षं नाल्यात लालभडक घाण ओकली होती. आज पाण्याचा तळ दिसत होता. किमया दीक्षाच्या मातीची. साधी चिकणमाती, तिच्यात रसायन मुरवलं की रंगाला अशी चिकटते की सोडत नाही. पण धरते फक्त रंग. आतडी जाळणारा कॉस्टिक सोडा आणि खार पाण्यातच राहतात. हे तिनं मालकाला आणि या धर्मेंद्रला समोर बसवून सांगितलं होतं. टाकीबाहेर थेंब जायचा नाही, असं ठरलंही होतं.

"कॉस्टिक तसंच आहे त्यात. बंद करा!"

"दिसते का कुठी? उद्या पेपरवाले येऊन राहिले. मालकाले नाला नितळ पाह्यजे."

"जनावर मरन एखादं!"

"इतकी वर्षं मेलं का?"

मेलं नव्हतं. का मेलं नव्हतं, ते दीक्षाला आत्ता कळलं. नाला लाल दिसला की खालच्या वस्तीतले लोक ढोरं दुरूनच वळवून न्यायचे. एकाही साहेबानं इथं धोक्याची पाटी लावली नव्हती. पाटीचं काम रंग करत होता, आणि तो तिनंच काढून टाकला होता.

पलीकडच्या काठावरून वस्तीतली पार्बताबाई बकऱ्या घेऊन उतरत होती.

"मावशी, पाजू नोका! मांगं घ्या बकऱ्या!"

"कावून वं? पह्यल्यांदा साफ पानी आलं, अन् तू नाई म्हनून राहिली?"

"इख हाय त्याच्यात!"

"आमाले का कयत नाई? लाल असलं का आमीच नाई पाजत. आज कुठी हाय लाल?" म्हातारीनं पुढच्या बकरीच्या पाठीवर थाप मारली. "पी वं माय, पी."

पंपाच्या बटनापुढं धर्मेंद्र आडवा उभा राहिला. "मॅडम, तमाशा नोका करू."

दीक्षा त्याच्याशी भांडत बसली नाही. भिंतीशी कालवलेल्या रंगाची बादली होती. ती दोन्ही हातांनी उचलली आणि बकरीच्या तोंडापुढं नाल्यात भिरकावली.

बकरी दचकून मागं उडाली. पाणी या काठापासून त्या काठापर्यंत लाल झालं.

पार्बताबाईनं बकरीला कानाला धरून वर ओढलं, बाकीच्या हाकलल्या आणि काठावरून ओरडली, "नासवलं ना वं चांगलं पानी! आई-बापानं हेच शिकवलं का तुले?"

वरून नितळ पाणी येतच होतं, मधला लाल पट्टा पुढं सरकत होता. दीक्षा खाली बसून रंगाची दुसरी बादली कालवू लागली.