बिनदाराचं घर

"हे पुसून टाका, वहिनी." दिरांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

वहिनीने रुमाल घेतला आणि त्यांच्या बोटाचा डाग पुसला. "पुसलं."

"तो ओरखडा म्हणतोय मी."

"तो गाडीवर आहे. फोटोतून पुसून काय उपयोग?"

जुन्या गाड्या विकायच्या त्या आवारात सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण मालक तिचे दीर. लग्न होऊन आली ती कॅमेरा घेऊनच, आणि तेव्हापासून इथल्या एकूण एक गाडीचा फोटो तिने काढला होता. आता मात्र दिरांच्या फोनमध्ये एक ॲप आलं होतं. कसाही फोटो काढा, ते खरचटलेलं बुजवायचं, रंग चकचकीत करायचं आणि मागची पत्र्याची शेड उडवून तिथे समुद्रकिनारा आणून ठेवायचं. बघता बघता आवारातल्या सगळ्या गाड्या समुद्रावर जाऊन आल्या. राहिली होती ती एक निळी.

"नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही," दीर वैतागले. "मग तुमच्याच फोटोत हे कुठून उगवलं?"

"उन्हाने दाखवलं."

यात खोटं काही नव्हतं. निळी गाडी दिरांच्या मेहुण्याने आणली होती, नेहमीसारखीच घाईघाईत, गाडीचे कागद नंतर देतो म्हणत. पॉलिश तर असं मारलेलं की आरशाने लाजावं. वहिनी आवार उघडायच्या आधीच येऊन बसली. तिने खालची फरशी ओली केली, आपलं प्रतिबिंब गाडीच्या पत्र्यात उमटू नये म्हणून काळं कापड बांधलं आणि वाट बघत राहिली. ऊन मागच्या दरवाज्यावर तिरपं आलं तसं पॉलिशखालून एक चित्र वर आलं. कुणा लेकराने खिळ्याने कोरलेलं घर होतं ते. वर त्रिकोण, खाली चौकोन, त्यात एक खिडकी. दार काढायचं राहून गेलेलं. ऊन वर चढलं आणि घर पुन्हा दिसेनासं झालं, पण तोवर तिचा फोटो काढून झाला होता.

"लोकांना नवीकोरी गाडी बघायची असते," दीर म्हणाले.

"नवीकोरी हवी असेल तर ते आपल्या दारात कशाला येतील? आपण जुनी विकतो, भावजी. काय घेतोय ते माणसाला नीट दिसू दे की."

दिरांनी खुर्ची मागे सरकवली. "बरं. रविवारपर्यंत या निळीचा तुमचाच फोटो वेबसाइटवर ठेवतो. त्या फोटोपायी एक जरी माणूस आला, तर कॅमेरा तुमचा आणि शब्दही तुमचा. नाही आला तर कॅमेरा कपाटात. सोमवारपासून तुम्ही फोन उचलायला बसायचं."

"आणि आला, तर ते ॲप फोनमधून उडवायचं. माझ्यासमोर."

"उडवतो की," दीर हसून म्हणाले.

तो आठवडा वहिनीला जाता जाईना. समुद्रावरच्या गाड्यांसाठी फोन येत होते. पांढरी गेली, पाठोपाठ लाल गेली. निळीबद्दल कुणी चौकशीसुद्धा केली नाही. वहिनी घाबरली होती. फोन उचलायला बसणं म्हणजे आपलं इथलं सगळंच संपणं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ती भीती दिरांना दिसू द्यायची तिची तयारी नव्हती.

"अजून पुसता येईल हं," शनिवारी ते जाता जाता म्हणाले.

"पुसायचंच असतं तर मी फरशी पुसायचं काम धरलं असतं."

रविवारी आवार बंद व्हायच्या सुमारास एक चष्मेवाली बाई आत आली. फोन तिने छातीशी धरला होता. इकडेतिकडे न बघता तिने विचारलं, "या निळ्या गाडीचा फोटो कुणी काढला?"

"मी," वहिनी म्हणाली, आणि मान जरा ताठच केली.

बाई तिच्याकडे बघतच राहिली. "फार बरं केलंत. बाकी फोटोंत सगळ्या गाड्या एकसारख्याच दिसतात हो. कितीतरी महिने झाले, रोज तेच बघत बसते."

"अशीच हवी होती का?" दीर पुढे झाले.

"हीच."

"मग बघायलाच नको. आधीच्या मालकाने पोटच्या पोरासारखी जपलीय."

"हो," बाई म्हणाली. "जपलीच होती."

ती मागच्या दरवाज्याशी उकिडवी बसली. त्या उजेडात पत्र्यावर काहीच दिसत नव्हतं, पण तिचं बोट नेमकं जाऊन टेकलं. त्रिकोणावरून फिरलं, चौकोनावरून फिरलं, खिडकीवरून फिरलं. "दार राहूनच गेलं," ती पुटपुटली.

वहिनीला भरून आलं. आपला फोटो इतका निरखून बघणारं कुणीतरी जगात आहे म्हणायचं. तिने दिरांकडे पाहिलं. दिरांनी निमूट फोन काढला, ॲप उडवलं आणि स्क्रीन तिच्याकडे करून दाखवली. तोंड जरा उतरलं होतं, पण गाडी खपतेय म्हटल्यावर ते लगेच सावरले.

"एक आधीच सांगून ठेवतो, ताई," ते बाईला म्हणाले. "किल्ली एकच मिळेल. दुसरी आधीच्या मालकाने हरवली."

"हरवली नाही," बाई म्हणाली आणि तिने पर्समध्ये हात घातला.

दिरांचा हात अजून खिशातल्या किल्लीवरच होता, तेवढ्यात निळ्या गाडीने दोनदा दिवे मिचकावले आणि तिच्या चारही दरवाज्यांची कुलुपं खटकन उघडली.