पायडलवरचा पाय

मशिनी सुरू होण्याआधी शिवणखात्यात सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना म्हणायची, हा मालकांचा नियम. सुरुवात खात्यातल्या सगळ्यांत जुन्या मावशी करायच्या, त्यांचा आवाज खणखणीत. आज नवी मुलगी बसूनच राहिली. मालकांचा हात मेन स्विचवर थांबला. “ही उठेपर्यंत काम बंद. सगळ्यांचा खाडा धरीन.” “माझा विश्वास नाही, तर खोटं कशाला म्हणू?” ती म्हणाली. “मावशी, तुम्हीच समजवा तिला,” कुणीतरी कुजबुजलं. मावशी तिच्याशेजारी स्टूल ओढून बसल्या. “माझा आहे विश्वास, साहेब. म्हणूनच असं धाकाखाली नाही म्हणवत.” माल दुपारी जायचा होता, मालकांनी चरफडत स्विच दाबला. मशिनी घरघरू लागल्या. मावशींनी डोळे मिटले, ओठ हळूच हलू लागले. मुलीने सुईत दोरा ओवला आणि ते ओठ थांबेपर्यंत पायडलवर पाय ठेवला नाही.